पानांचे ठसे आणि आजोबांचे हात

आश्विन लागला की पाऊस ओसरू लागतो, सकाळी अंगणात प्राजक्ताचा सडा पडतो आणि मुलांना सहामाही परीक्षेनंतरच्या सुटीचे वेध लागतात. या दिवसांत अनेक घरांतून एकच तक्रार ऐकू येते. नातवंडे सुटीत घरी असतात, पण ती भ्रमणध्वनीच्या पडद्यात बुडालेली असतात. वडील माणसे शेजारच्या खोलीत असतात, पण ती एकटीच असतात. दोन्ही पिढ्या एका छपराखाली राहूनही एकमेकींच्या वाट्याला येत नाहीत. म्हणून या वेळी औषधांविषयी न लिहिता, नातवंडांसह हातांनी करावयाच्या काही साध्या गोष्टींविषयी लिहीत आहे. त्यांना पैसा लागत नाही आणि चित्रकला येण्याचीही आवश्यकता नाही. आजारी माणसाची शुश्रूषा करणाऱ्या वाचकांनी तर हा लेख अवश्य वाचावा, कारण तो मुख्यतः त्यांच्यासाठीच आहे.

प्रथम माझी स्वतःची एक चूक सांगते.

माझे यजमान एका छापखान्यात ट्रेडल यंत्रावर काम करीत. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, यात्रांची हस्तपत्रके असे काहीबाही छापण्यात त्यांची छत्तीस वर्षे गेली. निवृत्तीनंतर काही वर्षांनी त्यांना स्मृतिभ्रंश जडला. आरंभी चष्मा, किल्ल्या अशा वस्तू हरवत. पुढे घरचा रस्ता हरवला, आणि मग माणसेही हरवू लागली. आमची नात तेव्हा दुसरीत होती. एके दिवशी ती नेहमीप्रमाणे त्यांच्या पलंगावर जाऊन बसली, तेव्हा ते तिच्याकडे परक्या नजरेने पाहत म्हणाले, "ही कोणाची मुलगी? हिला घरी पोचवा. आई वाट पाहत असेल." पोर काही बोलली नाही. ती उठून बाहेर आली आणि त्यानंतर त्या खोलीत गेलीच नाही. पाण्याचा पेला द्यायला सांगितले, तर तो ती उंबऱ्यावर ठेवून परत येई.

मी दोन गोष्टी केल्या आणि दोन्ही चुकीच्या केल्या. नातीला रागावले, "आबा आजारी आहेत, एवढे समजत नाही का तुला?" आणि यजमानांसमोर रोज सकाळी तिचे छायाचित्र धरू लागले. "अहो, ही कोण, सांगा ना. आठवून पाहा." मला वाटे, विचारत राहिले तर आठवण टिकेल. प्रत्यक्षात त्या प्रश्नाने त्यांच्या चेहऱ्यावर केवळ भीती उमटे. शाळेत उत्तर न आलेल्या मुलाच्या चेहऱ्यावर असते तशीच. महिनाभराने ते छायाचित्र पाहिले की मान फिरवू लागले.

मार्ग सापडला तो योगायोगाने. शाळेतून नातीला पानांचे ठसे काढून आणण्यास सांगितले होते. बाहेर पाऊस असल्याने ओसरी ओली होती. कोरडे आणि उजेडाचे एकच टेबल घरात होते, ते आबांच्या खोलीत. नाइलाजाने ती तिथे गेली. पेरूच्या पानाला रंग लावून तिने ते कागदावर दाबले, घासले आणि ओढून काढले. साहजिकच सारा ठसा फरफटला. दुसरा, तिसरा, चौथा ठसाही तसाच झाला. ती रडकुंडीला आली. तेव्हा पलंगावर बसलेले यजमान उठले. त्यांनी टेबलावरचे कागद दोन्ही तळव्यांत धरून खालीवर ठोकले आणि त्यांच्या कडा नीट जुळवल्या. रंग लावलेले पान वर्तमानपत्रावर उताणे ठेवले, त्यावर कागद अलगद सोडला आणि माझे लाटणे त्यावरून एकदाच, सरळ, पुढे फिरवले. मग म्हणाले, "हलवू नको. कोपरा धर. आता उचल."

कागद उचलला, तो पेरूच्या पानाची प्रत्येक शीर त्यावर उमटली होती.

त्या दिवशी त्यांना तिचे नाव आठवले नाही, आणि पुढेही कधी आठवले नाही. हे मी मुद्दाम स्पष्ट लिहीत आहे, कारण अशा कथांचा शेवट चमत्काराने होतो अशी आपली समजूत असते. स्मृतिभ्रंशात, विशेषतः अल्झायमरच्या आजारात, अलीकडच्या घटना आणि नावे प्रथम पुसट होतात. वर्षानुवर्षे हातांनी केलेल्या कामाची सवय मात्र पुष्कळदा त्याहून अधिक काळ टिकते. तोंडाला जे सांगता येत नाही, ते हात करून दाखवतात. या टिकून राहिलेल्या सवयीला आपण काम दिले, तर त्या माणसाला घरात पुन्हा एक जागा मिळते. हा औषधोपचार नव्हे आणि तो औषधोपचाराची जागाही घेत नाही. पण दिवसातला अर्धा तास त्या माणसाचा होतो, आणि घरातल्या लहान मुलाची भीती जाते.

आता प्रत्यक्ष कृतींकडे वळू.

पानांचे ठसे

पेरू, जास्वंद, फणस, बदाम, पिंपळ अशी ठसठशीत शिरांची पाने घ्यावीत. पावसात भिजलेली असल्यास फडक्याने टिपून घ्यावीत. रंग घरीच करता येतो. दोन चमचे मैद्याची पातळ खळ शिजवून थंड करावी आणि तीत गेरू किंवा हळद कालवावी. पानाची मागची बाजू वर करावी, कारण शिरा तिथेच उठून दिसतात. तिच्यावर रंगाचा अगदी पातळ हात द्यावा. जाड थर दिला तर शिरा बुजतात. मग रंगलेले पान स्वच्छ वर्तमानपत्रावर उताणे ठेवावे, त्यावर कोरा कागद, त्यावर पुन्हा रद्दीचा कागद, आणि लाटणे एकदाच सरळ फिरवावे. त्याच पानाचा, पुन्हा रंग न लावता, दुसरा ठसा घ्यावा. पुष्कळदा तोच पहिल्यापेक्षा सुरेख येतो.

ज्यांना रंगाची ओल नको, त्यांनी पान कागदाखाली ठेवावे आणि मेणाचा खडू आडवा धरून वरून हलकेच घासावा. हळूहळू पान कागदावर उमटू लागते. दृष्टी मंद झालेल्या वडील माणसांना हा प्रकार विशेष आवडतो, कारण शिरा खडूखाली बोटांना जाणवतात. पिंपळाचे पान पाण्यात दोन-तीन आठवडे ठेवून, मधूनमधून पाणी बदलून, त्याची जाळी करण्याचा उद्योग तर आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी केला असेल. तो आता नातवंडाला शिकवावा. रोज सकाळी पान कितपत झिजले हे पाहण्याच्या निमित्ताने ते आपल्या खोलीत येते, हा त्यातला खरा लाभ.

स्वयंपाकघरातले रंग

चमचाभर हळद पाण्यात दाट कालवून कागदावर पसरावी आणि कागद वाळवावा. पाव वाटी पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा विरघळवावा. कापसाची काडी त्या पाण्यात बुडवून पिवळ्या कागदावर लिहिले की अक्षरे तांबडी उमटतात. त्याच अक्षरांवर लिंबाचा थेंब टाकला की ती पुन्हा पिवळी होतात. हळदीचा हा गुण आपल्या पूर्वजांना ठाऊक होता. हळदीत चुना मिसळून कुंकू करण्याची जुनी रीत त्यावरच उभी आहे. आपल्या आजीने घरी कुंकू केलेले ज्यांनी पाहिले असेल, त्यांना नातवंडांना सांगायला येथे एक सबंध दुपार पुरेल इतकी गोष्ट आहे. मुलांच्या हाती मात्र चुना देऊ नये. तो डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते. सोड्याने काम भागते.

गोकर्णाची आठ-दहा निळी फुले अर्धी वाटी गरम पाण्यात घातली की पाणी निळे होते. लिंबू पिळले की ते जांभळट-गुलाबी होते. गरम पाणी ओतण्याचे काम मोठ्यांनीच करावे. प्राजक्ताचे केशरी देठ पाण्यात उकळले तर पिवळसर केशरी रंग मिळतो आणि त्यात पांढरा हातरुमाल रंगवता येतो. प्राजक्ताची फुले वेचणे हेच वास्तविक अर्धे काम आहे. वाकता येत नसेल तर झाडाखाली रात्री जुनी चादर पसरून ठेवावी आणि सकाळी चादर उचलून टेबलावर आणावी. फुले निवडायला आजी-आजोबा, देठ मोडायला नातवंडे, अशी वाटणी आपोआप होते.

परातीतला किल्ला

दिवाळीत मातीचा किल्ला करणे ही आपली जुनी हौस. गुडघेदुखीमुळे अनेक वडील माणसे अंगणात उकिडवे बसू शकत नाहीत आणि मग खुर्चीत बसून केवळ सूचना देतात. सूचनांना मुले लवकर कंटाळतात. यावर उपाय म्हणजे किल्ला टेबलावर, परातीत करावा. मध्यभागी दगड आणि रद्दीचे बोळे रचावेत, त्यांवर चिखलात बुडवलेले गोणपाट बसवावे, वरून चाळलेल्या मातीचा हात फिरवावा. उतारावर रात्रभर भिजवलेली मोहरी किंवा अळीव भुरभुरावा आणि रोज हाताने पाणी शिंपडावे. दोन-तीन दिवसांत मोड दिसतात आणि आठवड्याच्या आत डोंगर हिरवा होतो. त्यामुळे वसुबारसेच्या सहा-सात दिवस आधी पेरणी करावी.

परातीचा आणखी एक उपयोग असा, की भोवती पाणी भरले की जलदुर्ग तयार होतो. मालवणजवळच्या कुरटे बेटावर 1664 साली शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्गाचे बांधकाम सुरू करविले, हे सांगत सांगत तट बांधावा. राजगड करायचा असेल तर मध्ये उंच बालेकिल्ला आणि भोवती पद्मावती, सुवेळा व संजीवनी या तीन माच्या दाखवाव्यात. युनेस्कोने 2025 साली जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले समाविष्ट केले. त्यांपैकी अकरा महाराष्ट्रात आहेत आणि बारावा जिंजी तमिळनाडूत. ही बारा नावे चिठ्ठ्यांवर लिहून एक चिठ्ठी उचलावी आणि निघेल तो किल्ला करावा. ज्यांनी तरुणपणी यांतला एखादा गड चढलेला आहे, त्यांनी तो कोणत्या वाटेने चढलो हे मातीत बोटाने काढून दाखवावे.

अंथरुणाला खिळलेल्यांसाठी

ज्यांना उठून बसता येत नाही त्यांनाही वगळू नये. पेल्यात थोडे पाणी घेऊन लसणाची पाकळी, मुळाकडची बाजू केवळ पाण्याला टेकेल अशी ठेवावी आणि पेला त्यांच्या नजरेसमोर खिडकीत ठेवावा. काही दिवसांत हिरवी पात वर येते. नातवंडाने रोज कागदाच्या पट्टीवर पातीची उंची खुणेने नोंदवावी आणि ती पट्टी आजी-आजोबांना दाखवावी. पात पुरेशी वाढली की ती कात्रीने कापून आमटीत घालावी. आमटीत पडलेली पात आपल्या उशाशी वाढली, याचे समाधान लहान नसते.

आता काही दक्षता

टेबल कोपराच्या उंचीचे असावे आणि दोन्ही हातांना टेकू मिळावा. वीस-पंचवीस मिनिटांनी उठून चार पावले चालावे. संधिवाताने बोटे आखडली असतील तर कुंचल्याच्या दांड्याला जुने फडके गुंडाळून ती जाड करावी. हात कापत असल्यास नाजूक कुंचल्याऐवजी लाटणे, वाटी, बटाट्याचा ठसा अशी जड साधने सोयीची पडतात. पक्षाघाताने एक हात दुर्बल झाला असेल, तर त्या हाताला कागद दाबून धरण्याचे काम द्यावे आणि अधिक काय करता येईल हे व्यायामोपचार करणाऱ्या तज्ज्ञांना विचारावे. दृष्टी अधू असल्यास पांढरा कागद गडद रंगाच्या कापडावर ठेवावा म्हणजे कडा दिसतात.

मधुमेहींनी मातीत हात घालण्यापूर्वी बोटांवर चीर किंवा जखम नाही ना, हे पाहावे. बधिरपणा असेल तर हातमोजे घालावेत आणि अनवाणी अंगणात उतरू नये. काम झाल्यावर सर्वांनीच साबणाने हात धुवावेत. मातीकामात खोल जखम झाली तर धनुर्वाताच्या लसीविषयी डॉक्टरांना विचारावे.

पाने-फुले गोळा करताना कण्हेर, धोतरा, रुई आणि गुंजा यांना हात लावू देऊ नये. आपल्या लहानपणी आपण पिवळ्या कण्हेरीच्या बिट्ट्यांनी खेळलो असू, पण त्या बिया पोटात गेल्यास हृदयावर घातक परिणाम होतो. रुईचा चीक डोळ्यांना अपाय करतो. गाजरगवताने त्वचेला खाज आणि पुरळ येते. नातवंडांना ही झाडे दुरून ओळखायला शिकवणे हाही एक चांगला खेळच आहे.

स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीबरोबर काम करताना आणखी काही गोष्टी पाळाव्यात. ती वस्तू तोंडात घालण्याचा संभव असतो, म्हणून रंग हळद-खळीसारखेच असावेत आणि मणी, बिया, टाचण्या टेबलावर नसाव्यात. वेळ सकाळची निवडावी, कारण संध्याकाळी अशा रुग्णांची अस्वस्थता पुष्कळदा वाढते. एका वेळी एकच वस्तू हाती द्यावी आणि एकच लहानसे वाक्य बोलावे. "हे काय आहे?", "मी कोण?" असे प्रश्न विचारू नयेत. चूक झाली तर दुरुस्त करू नये. पान उलटे ठेवले तर ठसा पुसट येतो, इतकेच होते. आणि ज्या दिवशी त्यांना नको असेल, त्या दिवशी साहित्य मुकाट्याने उचलून ठेवावे. आमच्याकडेही एकदा यजमानांनी नातीचे सहा ठसे एकापाठोपाठ एक फाडले होते. ती रडली. मी या वेळी तिला रागावले नाही. दोघी स्वयंपाकघरात बसलो आणि उरलेले तुकडे चिकटवून भेटकार्ड केले. त्यांना का राग आला हे मला माहीत नाही, असे तिला खरे तेच सांगितले.

शुश्रूषा करणाऱ्या माझ्या भगिनींना आणि बंधूंना एक विनंती. मुलाला रुग्णाच्या खोलीत ढकलू नये आणि त्याने प्रेम दाखवावे असा आग्रहही धरू नये. माझी चूक तीच होती. मुलांना आजारी माणसाजवळ काय करावे हे ठाऊक नसते. हातात काम असले की त्यांचा तो संकोच पुष्कळसा निवळतो. शिवाय आठवड्यातून एकदा तरी, ही दोघे टेबलापाशी रमली असताना, आपण तिथेच लक्ष ठेवून पण निवांत बसावे. चहा गरम असतानाच प्यावा. त्यात कर्तव्यच्युती नाही.

आता आमची नात पाचवीत आहे. यजमानांच्या हातांत लाटणे धरण्याची शक्ती उरलेली नाही. ती पान रंगवते, कागद ठेवते, त्यांचा तळवा उचलून कागदावर ठेवते आणि त्यावर आपला तळवा दाबते. मध्यंतरी तिने मला विचारले, "आजी, आबा मला ओळखतात का ग?" तीन वर्षांपूर्वी मी खोटे बोलले असते. या वेळी म्हणाले, "तुझे नाव त्यांना येत नाही. पण तू खोलीत आलीस की ते कागदासाठी हात पुढे करतात. माझ्यासाठी करीत नाहीत." तिने थोडा विचार केला आणि पेरूची पाने आणायला ती परसात गेली.

वाचकहो, या सुटीत आपल्या घरी यांतले एखादे तरी करून पाहावे. केलेल्या ठशाच्या मागे तारीख आणि करणाऱ्या दोघांची नावे अवश्य लिहावीत. पुढे तो कागद कोणाला तरी हवासा वाटेल.

पुढील अंकात थंडीच्या दिवसांतील सांधेदुखी आणि बसल्या बसल्या करावयाचे सोपे व्यायाम यांविषयी बोलू.